खरं लिहू की चांगलं लिहू?

'माझी दिनचर्या' हा निबंध आपण सगळ्यांनी कधी ना कधी लिहिलाय. आता आपल्यातलेच बरेच जण तो लहान मुलांकडून लिहून घेतात, कुणी एनएसएसचे तास भरायचे म्हणून, कुणी मनापासून. पण मुलांच्या वहीत जो दिवस उतरतो, तो नेमका कुणाचा असतो?

एक काम करा. तुम्ही चौथीत लिहिलेला 'माझी दिनचर्या' हा निबंध आठवा. आठवत नसेल तर मी सांगते. पहिलं वाक्य : मी रोज सकाळी सहा वाजता उठतो. मग दात घासणं, अंघोळ, देवाला नमस्कार, आईवडिलांच्या पाया पडणं, एक ग्लास दूध. मग शाळा. संध्याकाळी खेळ, शुभंकरोती, अभ्यास. रात्री दहाला झोप. आणि शेवटी 'अशी आहे माझी दिनचर्या.'

बरोबर ना? आता खरं सांगा. तुम्ही सहाला उठायचात? मी नाही. मला आई तीनदा हाक मारायची, चौथ्यांदा पांघरूण ओढायची. दूध मला आजही आवडत नाही. तरी मी निबंधात रोज ग्लासभर दूध प्यायले आणि दहापैकी आठ मार्क मिळवले.

हा निबंध मी विसरूनही गेले होते. गेल्या वर्षी तो पुन्हा समोर आला, तेव्हा मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते.

एकोणीस वह्या, एकच सकाळ

आमच्या ग्रुपमधले चौघं जण दर शनिवारी पुण्यातल्या एका वस्तीतल्या अभ्यासिकेत जातो. पत्र्याची खोली, एक फळा, एक पंखा आणि तिसरी-चौथीची वीसेक मुलं. सगळी महापालिकेच्या शाळेत जाणारी. गणित आणि इंग्रजी इतरांनी आधीच पटकावलं होतं. मी मास कम्युनिकेशनची, म्हणजे 'तुला लिहिता येतं' असं गृहीत धरून मराठी लेखन माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्याच शनिवारी मी फळ्यावर लिहिलं, 'माझी दिनचर्या'. एका मुलीनं विचारलं, "ताई, दिनचर्या म्हणजे काय?" मी म्हटलं, "तू रोज काय काय करतेस ते." मागच्या रांगेतल्या एका मुलानं पेन्सिल चावत विचारलं, "ताई, खरं लिहू की चांगलं लिहू?"

मला तो प्रश्न गमतीचा वाटला. मी हसून म्हटलं, "छान लिही."

अर्ध्या तासानं माझ्यासमोर एकोणीस वह्या होत्या आणि त्यात एकच सकाळ होती. एकोणीसच्या एकोणीस जण लवकर उठत होते. बहुतेक सगळे दूध पीत होते. सगळ्यांचे बाबा ऑफिसला जात होते आणि आई स्वयंपाक करत होती. या खोलीतल्या बऱ्याच आया सकाळी साडेसहाला धुणीभांड्याच्या कामाला बाहेर पडतात, हे मला ठाऊक होतं. चहापुरती दुधाची छोटी पिशवी आणायला यातलीच मुलं दुकानात पळतात, हेही मी पाहिलं होतं. वहीत मात्र यातलं काहीच नव्हतं.

मुलं खोटारडी आहेत म्हणून असं झालं नव्हतं. निबंधात कुठला दिवस लिहायचा असतो, हे त्यांना कुणीतरी आधीच शिकवून ठेवलं होतं. शाळेच्या फळ्यानं, गाइडनं, मोठ्या भावाच्या जुन्या वहीनं. आणि त्या शनिवारी मीही. 'छान लिही' म्हणताना मी त्या मुलाला खरं तर उत्तरच दिलं होतं : तुझा दिवस नको, चांगला दिवस लिही.

नऊ वर्षांच्या मुलाला हे किती लवकर कळतं बघा. आपलं घर, आपली सकाळ, आपली भाषा वहीत चालत नाही. लिहायचं ते दुसऱ्याच कुणाचं तरी. पुढे आपण म्हणतो, 'मुलं लिहीतच नाहीत, पाठ करतात.' अहो, पाठ करण्याशिवाय त्यांच्याकडे पर्याय काय होता?

'रोज' अवघड, 'काल' सोपा

पुढच्या आठवड्यात मी ठरवून गेले होते. सगळ्यांना सांगितलं, "आज खरं लिहायचं." मुलं गप्प. पेन्सिली हलेनात. दहा मिनिटांनी वह्यांत पुन्हा तेच : मी रोज सकाळी लवकर उठते.

मला कोडंच पडलं. परवानगी दिली तरी मुलं खरं का लिहीत नाहीत? उत्तर मला मधल्या सुट्टीत सापडलं. एक मुलगी दुसरीला सांगत होती, "काल काय झालं माहितीय का? पाणीच नाही आलं. मग आई म्हणली, जा खालच्या नळावर. मग तिथं ही भली मोठी लाइन. मग माझ्या कळशीवर एक कुत्रं..." ती थांबायला तयार नव्हती. हीच मुलगी दहा मिनिटांपूर्वी वहीत पाच वाक्यं लिहून 'संपलं' म्हणाली होती!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. 'रोज' हा दिवस कुठे अस्तित्वातच नसतो. तो आपण तयार करतो. पुष्कळ दिवस एकावर एक ठेवायचे, त्यातलं सारखं तेवढं उचलायचं आणि म्हणायचं, 'मी रोज असं करते.' हे मोठ्या माणसाचं काम आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ते जमत नाही असं नाही, पण अवघड जातं. आणि अवघड गेलं की हात तयार साच्याकडे जातो. 'काल' मात्र घडून गेलेला असतो. त्यात कुत्रं असतं, लाइन असते, आईचं ओरडणं असतं.

म्हणून तिसऱ्या शनिवारी मी 'दिनचर्या' हा शब्द पुसला. फळ्यावर लिहिलं, 'काल'. तोही अख्खा नाही. "काल शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत काय झालं?" एवढंच. आधी लिहायचं नाही, शेजारच्याला सांगायचं. सांगून झालं की पानावर चार चौकोन आखायचे आणि चार चित्रं काढायची. मग प्रत्येक चित्राखाली दोन वाक्यं.

आणि वह्या वेगवेगळ्या झाल्या. एकीच्या चौकोनात शिलाई मशीन होतं, आईनं लावलेल्या ब्लाउजच्या हुकांचा ढीग होता. एकाच्या चौकोनात भेळेची गाडी, 'मी कांदा चिरला, डोळे झोंबले'. एकानं चारही चौकोनांत क्रिकेट काढलं, कारण काल त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं.

मग दिनचर्या राहिली का? नाही. तीच तर गंमत आहे. चौथ्या शनिवारी आम्ही कालची पानं उघडली. मी सांगितलं, "यातलं जे रोज होतं, त्याच्याखाली रेघ मारा." मग रेघ मारलेल्या वाक्यांतली क्रियापदं बदलायची. 'मी पाणी भरलं'चं 'मी पाणी भरते'. 'आई कामावर गेली'चं 'आई कामावर जाते'. जे रोज होत नाही, ते भूतकाळातच ठेवायचं आणि त्याच्या आधी लिहायचं, 'काल मात्र'.

एका मुलीचं पान असं झालं : मी शाळेतून येते. कुलूप काढते. भावाला खाऊ देते. मग आम्ही दार लावून टीव्ही बघतो. काल मात्र किल्ली हरवली. आम्ही पायरीवर बसलो. शेजारच्या काकूंनी पोहे दिले.

व्याकरणाच्या पुस्तकातला साधा वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ, दोन्ही आले. व्याख्या एकीचीही पाठ नव्हती. पण 'भरलं' आणि 'भरते' यात काय फरक आहे, हे त्या मुलीला कायमचं कळलं, कारण किल्ली रोज हरवत नाही.

घड्याळाबाहेरच्या वेळा

दिनचर्या शिकवताना आपण लगेच घड्याळ काढतो. सहा वाजता हे, सात वाजता ते. मी पण काढलं होतं. मुलांनी मला गप्प केलं.

"किती वाजता उठतेस?" "नळाला पाणी येतं तेव्हा."

"किती वाजता झोपतोस?" "आईची सिरियल संपली की."

एकाची संध्याकाळ अजान झाली की सुरू होते, एकीची कचऱ्याची घंटागाडी आली की सकाळ. एकजण म्हणाला, "बाबांच्या रिक्षाचा आवाज आला की आम्ही जेवतो." हे फळ्यावर लिहून काढलं तेव्हा आमच्याकडे मुलांची स्वतःची बारा-तेरा घड्याळं जमली. त्यानंतर 'सकाळी सहा वाजता' हे वाक्य वह्यांतून आपोआप कमी झालं. घड्याळ वाचायला शिकायलाच हवं, पण ते गणिताच्या तासाला. लिहिताना 'पाणी येतं तेव्हा' हे सहा वाजण्यापेक्षा जास्त खरं असतं आणि त्यात एक घरही दिसतं.

दुसरी अडचण 'मग'ची. मग मी उठले, मग मी गेले, मग मी आले. ओळीत दहा 'मग'. याला लगेच नावं ठेवू नका. गोष्ट क्रमानं सांगता येते, याचा तो पुरावा आहे. आम्ही एक खेळ केला. फळ्यावर 'नंतर', 'तेवढ्यात', 'तोपर्यंत', 'त्याच्या आधी', 'शेवटी' असे शब्द लिहिले आणि सांगितलं, प्रत्येकाने आपल्या पानातले फक्त दोन 'मग' बदलायचे. फक्त दोनच. 'तेवढ्यात' हा शब्द सगळ्यांना प्रचंड आवडला. पुढचे दोन शनिवार प्रत्येक गोष्टीत तेवढ्यात कुणीतरी येत होतं!

लाल पेन जरा बाजूला

आता शुद्धलेखन. पहिली वही तपासली तेव्हा मी एकाच पानावर सतरा लाल गोल केले. 'पाणि', 'आनी', 'व्हती', 'गेल्ती', 'म्हनली'. ज्याची वही होती, त्यानं पुढच्या आठवड्यात फक्त दोन ओळी लिहिल्या. साधा हिशोब आहे. कमी लिहिलं की कमी चुका.

त्यानंतर आम्ही ठरवलं, पहिल्या खर्ड्यात काहीही चालेल. घरची बोली चालेल. 'व्हती' हा मुलाचा आळस नाही, त्याच्या आजीची भाषा आहे. छापील मराठी त्याला यायला हवीच, परीक्षेत, फॉर्मवर, नोकरीच्या अर्जात ती लागणार आहे. पण ती 'व्हती'च्या शेजारी येऊन बसू दे, 'व्हती'ला हाकलून नको. म्हणून दुसऱ्या खर्ड्यात एका वेळी एकच गोष्ट बघायची. एका शनिवारी फक्त पूर्णविराम. एका शनिवारी फक्त 'आणि'मधला ण.

आणि 'छान', 'गुड', स्टार, हेही जपून वापरा. पानाखाली 'छान' लिहिलं की विषय संपतो. त्याऐवजी मी एक प्रश्न लिहायला लागले. 'कांदा चिरायला तुला कुणी शिकवलं?' 'पोह्यांत शेंगदाणे होते का?' पुढच्या वेळी उत्तर म्हणून आणखी चार ओळी येतात. आपलं लिहिलेलं कुणीतरी खरंच वाचलंय, हे स्टारपेक्षा प्रश्नातून जास्त कळतं.

शंभर वर्षांपूर्वीचा शनिवार

हे सगळं आपल्याला सुचलं म्हणून मी जरा हवेत होते. मग लायब्ररीत बसल्यावर कळलं, जगात हे लोकांनी कधीच करून ठेवलंय.

फ्रान्समध्ये सेलेस्तिन फ्रेने नावाचे एक शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला इजा झाली, त्यामुळे वर्गात तासन्‌तास बोलत राहणं त्यांना जमेना. ते १९२० पासून दक्षिण फ्रान्समधल्या बार-स्युर-लू या गावात शिकवत होते. ते मुलांना घेऊन गावात फिरायला जायचे आणि परत आल्यावर मुलांनी पाहिलेलं लिहून घ्यायचे. १९२४ मध्ये त्यांनी वर्गात चक्क एक छोटा छापखाना आणला. मुलं आपलंच लिखाण खिळे जुळवून छापायची आणि दूर ब्रिटनीतल्या समुद्राकाठच्या एका शाळेला पाठवायची. डोंगरातल्या मुलांचा दिवस समुद्राकाठची मुलं वाचायची आणि तिकडचा दिवस इकडे यायचा. वाचणारं कुणीतरी खरंखुरं असलं की साचा आपोआप गळून पडतो. समुद्राकाठच्या मुलाला 'मी लवकर उठतो' यात काय रस असणार?

न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर माओरी मुलांना शिकवायच्या. त्या प्रत्येक मुलाला विचारायच्या, तुला आज कुठला शब्द हवाय? मूल सांगेल तो शब्द कार्डावर लिहून त्याच्या हातात द्यायच्या. मुलं 'भूत' मागायची, 'मम्मी' मागायची. ज्या शब्दात भीती किंवा माया आहे, तो शब्द मूल एकदा बघून लक्षात ठेवतं, हा त्यांचा अनुभव. 'टीचर' हे त्यांचं पुस्तक १९६३ चं.

आणि जपान. तिथे शिक्षकांची एक चळवळच होती, मुलांना स्वतःच्या जगण्याबद्दल लिहायला शिकवण्याची. १९३० च्या दशकात, विशेषतः उत्तरेकडच्या गरीब खेड्यांत ती पसरली. मुलं शेत, कर्ज, उपास असं सगळं लिहायला लागली. सरकारला ते रुचलं नाही आणि युद्धाच्या काळात यातल्या अनेक शिक्षकांना अटक झाली. विचार करा, 'माझा दिवस' या निबंधासाठी अटक! युद्धानंतर ही चळवळ पुन्हा उभी राहिली. यामागाता भागातल्या मुचाकु सेइक्यो या तरुण शिक्षकानं आपल्या विद्यार्थ्यांच्या लिखाणाचं पुस्तक १९५१ मध्ये काढलं, 'यामाबिको गाक्को', म्हणजे प्रतिध्वनीची शाळा. आई गेल्यानंतर आता घर कसं चालवायचं, याबद्दल एका मुलानं लिहिलेला निबंध त्यात आहे. देशभर ते पुस्तक वाचलं गेलं.

आपल्याकडेही कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केलं, ते मुलांच्या अनुभवातून शिकणं उभं राहावं म्हणूनच.

या सगळ्यात मला एकच सूत्र दिसलं. मुलाचा खरा दिवस वहीत आणायचा म्हणजे त्याला सांगायचं, तुझं जगणं लिहिण्याच्या लायकीचं आहे. पण खरं लिहायला लावणं ही जबाबदारीची गोष्ट आहे, हे मला पुस्तकातून कळलं नाही. ते मी चुकून शिकले.

मी जिथे चुकले

'खरं लिहू की चांगलं लिहू?' विचारणारा तो मुलगा आठवतोय ना? सहाव्या की सातव्या शनिवारी त्यानं सकाळबद्दल लिहिलं. त्यात दोन वाक्यं होती : बाबा उठेपर्यंत आम्ही हळू बोलतो. भांडं पडलं की आई डोळे मोठे करते.

मला ती वाक्यं इतकी आवडली, की मी ताबडतोब उभी राहिले आणि मोठ्यानं वाचून दाखवली. "बघा, असं लिहायचं!" मागून कुणीतरी ओरडलं, "त्याचा बाप पिऊन पडलेला असतो!" खोली हसली. वस्तीत सगळ्यांना सगळं माहीत असतं. तो रडला नाही. त्यानं माझ्या हातातली वही घेतली, दप्तरात ठेवली आणि चेन लावली.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दुसरीतली त्याची बहीण येऊन सांगून गेली, "दादा नाय येणार."

मला वर्गात दोन वर्षं शिकवलंय, कुणाचं बोलणं छापण्याआधी त्या माणसाची संमती घ्या, लहान मुलांची ओळख उघड करू नका. परीक्षेत मी ते उत्तर पानभर लिहिलंय. आणि एका नऊ वर्षांच्या मुलासमोर मी ते साफ विसरले, कारण मला त्याच्या वाक्यात 'मस्त वाक्य' दिसलं. त्याच्यासाठी ते वाक्य नव्हतंच, ती त्याची सकाळ होती.

तिसऱ्या आठवड्यात तो मला पाण्याच्या टाकीपाशी गोट्या खेळताना दिसला. मी शेजारी बसले. म्हटलं, "तुझं पान मी तुला न विचारता वाचलं. चुकलं माझं." तो गोटीकडे बघत म्हणाला, "हं." एवढंच. मी उठून आले.

त्या शनिवारी आम्ही सगळ्या मुलांना एक नवा नियम सांगितला. पानाचा कोपरा दुमडला असेल तर ते पान कुणीही मोठ्यानं वाचायचं नाही. पूर्ण पान दुमडलं असेल तर ताईनं सुद्धा उघडायचं नाही. लिहिणं तुझं, कुणाला दाखवायचं तेही तूच ठरवायचं.

शनिवारी जाणार असाल तर

एनएसएसमध्ये असाल तर वर्षाला १२० तास काम करावं लागतं, हे तुम्हाला पाठच असेल. त्यातले काही तास जर मुलांकडून लिहून घेण्यात जाणार असतील, तर आमच्या चुकांतून निघालेल्या या गोष्टी सोबत ठेवा.

• 'रोज' नाही, 'काल' विचारा. तोही तासाभराचा. मग त्यातून 'रोज' शोधा.

• आधी बोलणं, मग चित्र, मग लिहिणं. बोलायला दिलेला वेळ वाया जात नाही.

• फळ्यावर नमुना निबंध लिहू नका. तुम्ही लिहिलेलं वाक्य सगळ्या वह्यांत उतरेल. त्यापेक्षा तुमचाच कालचा दिवस तोंडी सांगा. लेक्चर बुडवलं, बस चुकली, आईचा ओरडा खाल्ला. तुम्ही खरं बोललात की मुलं खरं लिहितात.

• एका वेळी एकच चूक सुधारा. पानाखाली शेरा नको, प्रश्न लिहा.

• विचारल्याशिवाय कुणाचं पान वाचू नका. फोटो काढून ग्रुपवर किंवा स्टेटसला तर अजिबात टाकू नका, नाव झाकून सुद्धा नाही. अक्षर ओळखू येतं.

• मुलाच्या लिखाणात मारहाण किंवा कुठल्याही प्रकारचा त्रास दिसला, तर सगळ्यांसमोर चौकशी करू नका आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका. केंद्राच्या जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी सांगा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, चोवीस तास आणि मोफत. आपण समुपदेशक नाही, हे लक्षात असू द्या.

• आणि तास संपले म्हणून अचानक गायब होऊ नका. शेवटचा शनिवार कोणता, ते मुलांना आधी सांगा.

आणि आपण?

हे सगळं करताना एक गोष्ट मला टोचत राहिली. 'चांगलं लिही' हा रोग चौथीत संपत नाही. आपले कॅम्पचे अहवाल आठवा. 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' 'कार्यक्रम उत्साहात पार पडला.' खुर्च्या रिकाम्या होत्या, माइक बंद पडला होता आणि अर्धे लोक नाश्त्यासाठी आले होते, हे कुठल्या अहवालात येतं? इंटर्नशिपच्या अर्जात आपण सगळेच 'टीम प्लेअर' आणि 'पॅशनेट' असतो. मी ज्या धंद्यात पडतेय, तिथेही 'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे' हे वाक्य कुणाच्याही दाराशी न जाता लिहिता येतं. ग्लासभर दुधाचाच हा मोठेपणीचा अवतार.

म्हणून ही विनंती. शनिवारी मुलांसमोर उभं राहण्याआधी शुक्रवारी रात्री स्वतःच्या 'काल'वर दहा ओळी लिहून बघा. सहाला उठला नसाल तर नऊला उठलो असं लिहा. किती अवघड जातं, ते कळेल. मग मुलांवर ओरडावंसं वाटणार नाही.

तो मुलगा पुढच्या शनिवारी आला. मागच्या रांगेतच बसला. बराच वेळ लिहीत होता. मग पान मधोमध आडवं दुमडून त्यानं वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "वरचं वाच. खालचं माझंय."

वर त्यानं गोट्यांबद्दल लिहिलं होतं. टाकीपाशी तो अकरा गोट्या जिंकला होता. त्याला विचारून मी ते मोठ्यानं वाचलं आणि या वेळी पोरं गोट्यांचा हिशोब विचारायला त्याच्याभोवती जमली. वर्ग सुटताना त्याला वही परत दिली. खालची घडी मी उघडली नव्हती.